संबोधीला दिल्ली दाखवताना

चांगदेव वाहणे इंदूरच्या गिरणीत सूतखात्यात लागला, तेव्हा त्याला वाटलं, जन्माची ददात मिटली. हजारो माणसांची गिरणी कधी बंद पडते का? पण ती पडली. चांगदेव सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात चौकीदार झाला.

पुढे त्याची मुलगी संबोधी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. घराजवळच्या लहान कॉलेजात सहज प्रवेश मिळत होता. तिचं मन मात्र दिल्लीच्या एका मोठ्या विद्यापीठावर. चांगदेवने मोठ्या जागांचा धसकाच घेतला होता.

"तिथं तुला कोण विचारणार, बेटा? हम भी हजारों में थे. ताला लागला तेव्हा साहेबाला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं."

"मला तेच पाहिजे, पप्पा," संबोधी म्हणाली. "इथं चौकशीला गेले, तर सरांनी आधी आडनाव विचारलं, मग मोहल्ला. विषय सगळ्यात शेवटी."

चांगदेवची बायको जया म्हणाली, "भांडता कशाला? जाऊन बघून तर या."

बापलेक दिल्लीला गेली. विद्यापीठ म्हणजे एक गावच. विभागाचा पत्ता विचारला की प्रत्येक जण वेगळीकडे बोट दाखवी. चांगदेवला मनातून बरं वाटलं. आता पोरीचे डोळे उघडतील. दुपारी ती ग्रंथालय बघायला आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तो कावराबावरा होऊन तिला शोधत फिरला. शेवटी ती एका अनोळखी मुलीशी हसत बोलत बाहेर आली.

"ही पण इतिहास घेतेय, पप्पा. होस्टेल दाखवते म्हणाली."

तिचा चेहरा बघून चांगदेवने वादाचा नाद सोडला, आणि तिने तिथंच प्रवेश घेतला.

दिवाळीच्या आधी गल्लीतल्या शंकररावांच्या पीसीओवर तिचा फोन आला. ती रडत होती. "मी आठवडाभर आजारी होते, पप्पा. वर्गात कुणाला कळलंसुद्धा नाही."

'मी म्हटलं नव्हतं?' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते गिळून तो म्हणाला, "कॅन्टीनमध्ये रोज एकाच टेबलावर बस. गिरणीत माझ्या ओळखी तशाच झाल्या."

संबोधी टिकली. एमए करूनच परतली आणि भोपाळला शिकवायला लागली. पदवीदान समारंभाला मात्र जया एकटीच गेली. चांगदेवची ड्यूटी होती, आणि आपल्या जागी बदली चौकीदार मागायला तो गेला नाही; मोठ्या जागांचा धसका अजून गेला नव्हता.