गाडी दादाला विसरली

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दिवसभर कडा घासायच्या, फ्रेममध्ये घालून बघायच्या, पुन्हा घासायच्या. तिला राग आला की ती ओरडत नाही, स्वतःचा चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसते. या वर्षात तिने तो इतका पुसलाय की काचेला ओरखडे पडलेत. मी तिच्या पाठची. माझा राग मात्र अख्ख्या जिन्याला ऐकू जातो, आणि हे सांगतानाही तो आवाजात येणार, त्याला इलाज नाही.

रागाचं कारण आमचा दादा. बाबांची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. मला गाडी चालवता येत नाही, दादाला वेळ नसतो, म्हणजे नेणार ताई. गाडी बाबांचीच. तिचे रिमोट दोन, एक ताईकडे, एक दादाकडे. दादाने आपला कुठेतरी हरवला आणि "दोन दिवस दे" म्हणून ताईचा नेला. ते दोन दिवस काही संपेनात. मग गाडीही दोन गल्ल्या पलीकडे, त्याच्याच इमारतीखाली उभी राहू लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

ताईकडे एक साधी चावी उरली होती, पण तिचा उपयोग नव्हता. बाबांनी पूर्वी हौसेने चोरघंटा बसवून घेतली होती. रिमोट न दाबता दार उघडलं की गाडी बोंबलते आणि इंजिन चालूच होत नाही. त्यामुळे सख्ख्या बापाला इस्पितळात न्यायला ताईला दर खेपेला भावाच्या दारात जाऊन रिमोट मागावा लागे. वहिनी म्हणे, "ते आंघोळीला गेलेत, बसा." ताई बसे. मला ते बसणंच सहन व्हायचं नाही.

एकदा ताई गेली तर खाली गाडीच नव्हती. दादा सासूसासऱ्यांना विमानतळावर सोडायला गेला होता आणि फोन बंद. आम्ही टॅक्सी मिळवून पोचेपर्यंत बाबांचं यंत्र दुसऱ्या रुग्णाला लागलं होतं. उद्या या, म्हणाले. उद्या कसला? संध्याकाळीच बाबांना धाप लागली, आडवं होता येईना, शेवटी रुग्णवाहिका बोलावली. छातीत पाणी भरलं होतं. दादा उगवला तो सगळं निस्तरल्यावर, आणि आल्या आल्या आम्हालाच सुनावायला लागला, की बाबांना पाणी मोजून द्यायला नको का, तुमचं लक्ष असतं कुठे. चोराच्या उलट्या बोंबा! मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ताई फक्त चष्मा पुसत होती. आणि बाबा? तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना हाताने खुणावत होते, त्याला बोलू नका. लेकाला बोललेलं त्यांना कधी खपलं नाही.

ताईने ठरवलं, आपला वेगळा रिमोट करायचा. गाडीच्या शोरूममध्ये गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, हे जरा तांत्रिक असतं, घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरुषामुळेच इथे आलोय, असं मी सांगायला लागले तेवढ्यात ताईने दंड धरून मला बाहेर काढलं. सुट्या भागांच्या दुकानात तसाच रिमोट मिळाला. दुकानदाराने विकता विकता रीतही सांगितली. आत बसून सगळी दारं लावायची, चावी चालू-बंद, चालू-बंद, पटापट पाचदा फिरवायची. भोंगा एकदा वाजला की लगेच नव्या रिमोटचं बटण दाबायचं, तो पुन्हा वाजला की जोडला गेला. "आणि जुनाही त्याच दमात दाबून घ्या," तो म्हणाला, "नाहीतर गाडी त्याला विसरते."

पुढच्या खेपेला बाबांना यंत्रावर सोडून आम्ही इस्पितळाच्या आवारात गाडीत बसलो. नवा रिमोट ताईच्या मांडीवर, आणि दादाकडून मागून आणलेला त्याच्या शेजारी. ताईने चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा काही नाही. उन्हाने गाडीची भट्टी झालेली. मी शोरूमवाल्यापासून दादापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते. ताई उतरली, एकेक दार तपासत गेली, आणि मागच्या दारात अडकलेलं बाबांच्या चादरीचं टोक तिने ओढून काढलं. दार नीट लागलंच नव्हतं.

या वेळी भोंगा वाजला. ताईने नवा रिमोट दाबला, तो पुन्हा वाजला. आता दुसरा. तिने तो उचलला, अंगठा बटणावर ठेवला. तिने बटण दाबलं नाही. जोडायची वेळ संपली तसा भोंगा आपोआप दोनदा वाजला आणि गप्प झाला. मग तिने चष्मा पुसला.

परतताना गाडी आमच्या दारात लागली. दादाचा रिमोट मी वहिनीच्या हातात नेऊन दिला, नेहमीसारखा.

रविवारी सकाळी खालून बोंब उठली. दादाने बटण दाबदाबून पाहिलं असणार, मग वैतागून चावीने दार उघडलं. शेजारीपाजारी खिडक्यांत आले. दादा गाडी तशीच सोडून जिना चढून वर आला, घामाघूम, रिमोट हातात.

"काय केलंस गाडीला?"

"मला रिमोट नव्हता, तो करून घेतला," ताई म्हणाली. "गाडी हवी असेल तर मागायची. मोकळी असली तर देईन."

"माझ्या बापाची गाडी मी तुझ्याकडे मागू?"

"मी मागतच होते ना."

दादाने बाबांकडे पाहिलं. हयातभर असंच होत आलंय, तो तसं बघतो आणि बाबा त्याच्या बाजूने काहीतरी बोलतात. बाबा खुर्चीत, सुजलेले पाय स्टुलावर टेकवून बसले होते. भोंग्याने भांडी हादरत होती. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात ताईला विचारलं, "त्याचं बटण दाबायला विसरलीस का गं?"

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. एक हो म्हटलं की सगळं मिटलं असतं. दादाचा मान राहिला असता, बाबांच्या घरात कुणी भांडलं नसतं, आणि पुढच्या आठवड्यात ताई पुन्हा वहिनीच्या दारात बसली असती.

"नाही, बाबा," ताई म्हणाली. "विसरले नाही. हातात होता माझ्या."

बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. दादा वाट बघत होता. मीही.

"मग तूच जा," ते म्हणाले, "आणि तो भोंगा बंद कर. याच्याने नाही व्हायचा."

ताई उठली, रिमोट घेतला आणि जिना उतरली.