पदरावरचं धान

माझी थोरली जाऊ अल्का भात वाढायला आली की पाहुणे आधी तिच्या हातांकडे बघायचे. कोपरापर्यंत रंग. कधी निळा, कधी लाल, आणि ज्या दिवशी बाईंचं काही ठरत नसे त्या दिवशी दोन्ही. मी सांगून सांगून थकले, "बाई, पाहुण्यांसमोर तरी हात घासून येत जा." तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "घासलेच होते. रंग पक्का हाय, म्हनून तं निघून नाही राहिला." आपल्या रंगाची जाहिरात करायची एकही संधी ती सोडत नसे.

मुर्रीतल्या आमच्या घरात हे वेड शिरलं १९९९ साली. बचत गटाच्या बायकांसाठी गोंदियात कापडावर ठसे मारून छपाई शिकवायचा वर्ग निघाला. गावातून आम्ही बऱ्याच जणी गेलो. बाकीच्या चहा पिऊन, गप्पा मारून परत आल्या, त्यात मीही होते. अल्काबाई तेवढी छपाई घेऊन आली. तिचे यजमान, म्हणजे माझे भासरे भैयालाल, राइस मिलमध्ये कामाला. त्यांनी मिलमधले फाटके बारदाने आणले, जुन्या दाराच्या फळीवर ताणून बसवले, वर चादर ठोकली आणि पडवीत मेज तयार झालं. कापडाखाली असं मऊ असल्याशिवाय ठसा नीट उमटत नाही म्हणे. पहिले ठसे भेंडीचे. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फूल तयार. त्या वर्षी आमच्या घरात भेंडी ताटात कमी आणि उशांवर जास्त होती.

पुढे दुधराम सुतार तिला सागाचे ठसे कोरून देऊ लागले. मग चादरी, पडदे, खोळी, रुमाल, काही म्हणून सुटलं नाही. भासऱ्यांचा डबा बांधायच्या फडक्यावरही एक दिवस मोर उगवला, आणि मिलमधले हमाल त्यांना मोरभाऊ म्हणू लागले. गावात तिच्या चादरींना मागणीही होती. पण लोक तिच्या छपाईवर झोपत, ती अंगावर घालायला मात्र कुणी मागत नसे. याचं तिला मनातून फार वाटायचं.

२००६ च्या उन्हाळ्यात माझ्या नीलाचं लग्न ठरलं. आम्हा बौद्धांकडे नवरी पांढरी साडी नेसते. पोरगी सरळ म्हणाली, "मी मोठीआईच्या हातची छापलेली नेसीन." अल्काबाईला दोन्ही मुलगेच, नीलावर तिचा जीव. मला मात्र धास्ती. उशीची खोळ बिघडली तर झोपता येतं, लग्नाची साडी बिघडली तर काय? मी गोंदियाच्या बाजारातून चमकत्या काठाची एक पांढरी साडी आणून पेटीत ठेवली आणि जाऊबाईला तोंडावर सांगितलं, "तुमची सगळ्यांना पसंत पडली तं तुमची, नाही तं हे." ती "बरं" म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

तिनं पदरावर धानाच्या लोंब्या छापायचं ठरवलं. पिवळ्या लोंब्या, निळी पाती. एकेक ठसा ती श्वास धरून मारायची, कारण पांढऱ्यावर पडलेला डाग पुसता येत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. अल्काबाईनं पदर खाटेवर अंथरला, टोक भिंतीकडे करून. आम्ही बायका अलीकडे उभ्या. पिवळ्या लोंब्यांच्या ओळी ताठ उभ्या होत्या. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात आमच्या सासूबाई जमुनाबाई पुढे आल्या.

"अल्का, हे धान उभं काऊन हाय?"

"उभं म्हंजे?"

"भरलेलं धान वाकते. मान वर करते ते पोचट. लग्नाच्या पोरीले पोचट धान नेसवून राहिली का तू?"

तिथल्या सगळ्या बायका धान रोवणाऱ्या, कापणाऱ्या. एकदा ऐकल्यावर कुणाला दुसरं काही दिसेना. शकुन-अपशकुन आम्ही केव्हाच सोडले. पण पोचट दाण्याला नाक मुरडायला शकुन लागत नाहीत. ठसा कोरायला सरळ रेघ सोपी, म्हणून अल्काबाईनं लोंब्या सरळ काढल्या होत्या. जन्म बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेलेल्या बाईच्या हे ध्यानातच आलं नाही.

खरं तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट सासूबाईंचाच राग आला. इतके दिवस पडवीत बसून बघत होत्या, तेव्हा तोंड नव्हतं का?

"पेटीतली काढ," अल्काबाई मला म्हणाली आणि पदराची घडी घालू लागली. माझे हात काही पेटीकडे वळेनात.

नीलानं तिच्या हातातून साडी ओढून घेतली. "मोठीआई, तू एवढी राबली. एकदा नेसून तं पाहू दे." आणि ती आतल्या खोलीत गेली.

नेसून बाहेर आली आणि आम्हाला पाठ करून आरशाकडे वळली. चादर कशीही अंथरा, सारखीच. पदर खांद्यावरून मागे पडतो. खाटेवर जे टोक वर होतं, ते पाठीवर खाली आलं होतं. सगळ्या लोंब्या खांद्यावरून खाली झुकल्या होत्या, दाण्यांच्या भारानं झुकाव्या तशा. नीला हलली की त्याही डोलत होत्या.

सासूबाई उठल्या. पदराचं टोक बोटांनी चाचपलं, दाणा चाचपतात तसं. "आता भरलं," त्या म्हणाल्या. "बांधीत असतं तं उद्या कापाले काढलं असतं."

सगळ्या हसल्या. अल्काबाई हसली नाही. सात वर्षं ती आडव्या मेजावर अंथरायच्या नि झाकायच्याच वस्तू छापत आली होती. आपलं काम माणसाच्या अंगावर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती नीलाभोवती फिरून फिरून बघत होती आणि डोळे पुसत होती. मलाही रडू आलं. संध्याकाळी मात्र ती पाहुण्यांना "मी मुद्दामच तसं काढलं होतं" म्हणून सांगत होती. मी तिला खोटं पाडलं नाही, आणि माझा स्वभाव बघता हे काही थोडं नव्हे.

दुसऱ्या दिवशी मांडवात वंदना सुरू व्हायची वेळ झाली. मी अल्काबाईसाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती, ती काही येईना. शोधत गेले तर बाई मंचाच्या मागच्या कोपऱ्यात, नवरीच्या पाठीकडे तोंड करून बसलेल्या.

"बाई, समोर चला. येथून पोरीचं तोंड नाही दिसत."

"तोंड तं मी तिच्या जल्मापासून पाहून राहिली," ती पदरावरची नजर न काढता म्हणाली. "तू जा समोर."

मी नवरीची आई. माझी जागा पुढेच होती. मी खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी आणून ठेवली.