अक्का बाईंशी बोलली

भुईमुगाच्या शेंगा उकडल्याचा वास आला, की मी भडगावच्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचते. पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. अक्का दहा वर्षांची, मी सात.

शिकवणीच्या मास्तरांकडून अक्का एक दिवस रडत पळत आली, आणि त्यानंतर बोलेनाशीच झाली. मायनं दटावून विचारलं, पोलिसांनी विचारलं. मी तिच्याच गोधडीत झोपायची; मीही विचारलं, तर तिनं कूस बदलली.

मग पोलिसांनी बोलावलेल्या एक समाजसेविका बाई जळगावहून आल्या. काही न विचारता तिच्याशेजारी खाली बसून शेंगा सोलत राहिल्या.

"नको वाटलं तर नको सांगू, बेटा. मी रागावणार नाही."

बऱ्याच वेळानं अक्का हळूच बोलायला लागली. दाराआड माझा नुसता जळफळाट झाला. माझी अक्का, आणि बोलते या परक्या बाईशी! पुढे कितीतरी दिवस मी अक्काशी अबोला धरला.

मास्तरांना शिक्षा झाली. अक्काचं त्या दिवशीचं पहिलं वाक्य मी कानांनी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ फार उशिरा उमगला.

"मन्ही न्हानी बहीणले तठे धाडू नका."

जूनपासून मलाही त्याच शिकवणीला घालणार होते.