जाळीत अडकलेला गळ

बाबांनी होडी विकली तेव्हा गावाला सांगितलं, इंजिन थकलं. खरं म्हणजे त्यांचा उजवा हात थरथरत होता. आईला आणि मला ते कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे आणि म्हणायचे, थंडी वाजते. मे महिन्यात, रेवदंड्यात! वर्षभर आईने डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून ओटीवर जाऊन बसत. शेवटी ती मला म्हणाली, तुझं ते खेळणं घे आणि यांना खाडीवर तरी ने, पाण्याजवळ गेले की बोलतील.

खेळणं म्हणजे माझा रॉड आणि गळाचे आकडे लावलेले प्लॅस्टिकचे नकली मासे. मी अलिबागला नोकरी करतो आणि रविवारी हे मासे पाण्यात फेकतो. जन्मभर जाळं ओढलेल्या माणसाला तो पोरखेळ वाटणारच. जिताड्यासारखा मासा काय आंधळा आहे का, असं त्यांनी वाटेत तीनदा विचारलं. मी दातओठ खात गाडी चालवली.

ओहोटी लागली की तिवरांच्या झाडीतलं पाणी एका ओहळातून कुंडलिकेच्या खाडीत उतरतं. त्याबरोबर बारीक मासळी येते आणि ओहळाच्या तोंडाशी जिताडा टपून असतो. ही जागा बाबांनीच मला लहानपणी दाखवलेली, हे मान्य केलं पाहिजे. नकली मासा फेकायचा, दोन झटके द्यायचे, थांबायचं. तासभर काही नाही. बाबा दगडावर बसून टोमणे मारत होते आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. किती महिन्यांनी ते एवढं बोलत होते.

मग दणका बसला. मासा पाण्याबाहेर उसळला, त्याने डोकं झाडलं, रील करकरायला लागली. पाच-सहा किलोचा तरी असेल. बाबा ताडकन उठले, लांब दांड्याची जाळी उचलली आणि गुडघाभर चिखलात उतरले.

इथे माझं चुकलं. जाळी पाण्यात स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून तिच्यावर ओढून आणायचा, हे मी त्यांना सांगितलंच नाही. बाबांना काय मासा धरायला शिकवायचं? त्यांनी जन्मभर केलं तेच केलं, जाळी घेऊन माशाच्या मागे गेले. हात थरथरला, जाळी शेपटीला लागली, गळाचे आकडे तिच्यात अडकले आणि मासा बाहेरच राहिला. एका हिसड्यात गेला.

"हात कापतो तर मधे कशाला कडमडलात?" मी ओरडलो.

वर्षभर घरात कोणी जे उच्चारलं नव्हतं, ते मी खाडीकाठी बोंबलून सांगितलं. स्वतःची जीभ हासडावीशी वाटली.

बाबा काठावर बसून जाळीतले आकडे सोडवायला लागले. जाळी कापायला मी कात्री पुढे केली, त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी माफी मागितली, तीही त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. थरथरत्या बोटांनी एकेक आकडा काढत राहिले. त्याला फार वेळ लागला.

घरी आई शेजारच्या काकीबरोबर ओटीवर सुकट निवडत होती. काकीने विचारलं, काय मिळालं? मी म्हणणार होतो, काही लागलंच नाही. पण बाबा आधी बोलले.

"पोरानं येवरा जिताडा लावला हुता. मी घालवला. माजा हात कापतंय."

आईचे हात सुकटीत तसेच थांबले. काकी उठून आपल्या घरी गेली. बाबांनी पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या रजा टाक. डाक्टरकरं जाव."

आई माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे भरले होते, चेहरा मात्र हसरा होता. एवढं काय बोललास रे त्यांना, असं तिने मला हळूच विचारलं. मी तिला अजून सांगितलेलं नाही.