काकीच्या दातांचे पैसे

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. शाळा चौथीत सुटली. चुकून कुणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे. तोंडाने मला चार वाक्ये धड सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते.

घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत आम्ही राहत होतो. शेजारी मालवणकडची काकी. तिचे पुढचे दात गेले होते आणि कवळीसाठी ती पैसे साठवत होती. घरात ठेवले तर खर्च होतील म्हणून माझ्याकडे द्यायची. "तू मुकी गाय. तुझ्या तोंडातून बातमी फुटूची नाय," म्हणायची.

त्या मुक्या गायीला मटक्याचा नाद होता. साड्यांना फॉल लावून मिळालेले पैसे मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे आकड्यावर लावायची. आधी माझे गेले, मग काकीचे. मला जिकडेतिकडे आकडेच दिसत. स्वप्नात साप आला, त्याचा आकडा. देवावरचे फूल पडले, त्याचा आकडा. काकीने पैसे मागितले की मी थाप मारायची, "पोस्टात टाकलेत, मुदत संपायचीय." ती बिचारी आमटीत भाकरी भिजवून खायची.

गणपतीत तिच्याकडे दर्शनाला गेले. पुरुष कामावर, सून नळावर. हात जोडले आणि नजर जास्वंदीच्या हारावर गेली. एक आकडा दे देवा, सगळे फेडून टाकते, असे म्हणत मी फुले मोजू लागले.

"काय मोजतंस गो?" काकीने विचारले.

थाप तयार होती, पण देवासमोर जीभ उचलेना. सगळे सांगून टाकले.

काकीने पुढच्या मोकळ्या हिरडीवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "म्हणजे माझे दात तू खाल्लंस!" आणि तिचे तिलाच हसू फुटले. तिने माझ्या हातात नारळ दिला आणि गाऱ्हाणे घालायला उभी राहिली. गाऱ्हाण्यात एकाने देवाला सांगायचे, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचे. बाकीची मी एकटीच होते.

"हे बा गणपती म्हाराजा, ह्येका लागलेलो आकड्याचो नाद तोड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी पुटपुटले.

"एवढ्या हळू बोललंस तर देवाक वाटतला, तुका नाद सोडूचोच नाय. मोठ्यान!"

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. नळावरच्या बायका हंडे टाकून दाराशी आल्या.

"ह्येची खोटा बोलूची सवय मोड रे म्हाराजा!"

काय चालले आहे ते ठाऊक नसताना साऱ्या जणी गरजल्या, "होय म्हाराजा!"

"आणि माझे पैशे परत करूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

यावर तर चाळ दणाणली. रडता रडता मलाही हसू आले.

नाद एका नारळाने सुटला नाही. घरी यांना सांगितले. दोन दिवस अबोला, मग यांनीच दुकानातून साड्यांचा जादा गठ्ठा आणला. आकडा फुटायच्या वेळेला मी काकीकडे फॉल लावत बसायची. पाय पानवाल्याकडे ओढायचे. "म्हण," काकी सांगायची. मी मनापासून म्हणायची, होय म्हाराजा.

एकदा "दुकानदाराने पैसे दिले नाहीत" असे सांगून निघाले. उंबऱ्यावर थांबले, मागे वळले. "दिलेत, काकी."

"मगे बस. चाय घे," ती म्हणाली.

हळूहळू देवाकडे आकडा मागायचा राहिला. नुसते हात जोडून उभे राहता येऊ लागले. एका सकाळी देवळात जास्वंदीचे फूल पाहिले आणि ते नुसते फूल दिसले. लाल, टवटवीत. इतका आनंद झाला की घरी येऊन शिरा केला आणि सगळ्यांना वाटला. कशाबद्दल ते सांगायला मात्र लाजले. लाजणे काही देवाने काढून नेले नाही.

शिमग्याच्या आधी शेवटच्या नोटा काकीच्या हातावर ठेवल्या. तिने बोटाला थुंकी लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कनवटीला खोचल्या.

"फिटले गो सगळे. एक पैसो रवलो नाय."