लिनक्समध्ये हरवलेले पाहुणे

अक्काला बघायला आलेले पाहुणे मी एका बोटाने हरवले. तसे ते घरी आलेच नव्हते. आजऱ्याच्या रस्त्यावर पाणी आलं होतं, एसटी बंद होती, म्हणून बघण्याचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर करायचं ठरलं होतं. मुलगा आजऱ्याचा, घरचा काजूचा कारखाना. अक्का शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिझाइनचं काम करते. दोघांची ओळख एका मैत्रिणीच्या लग्नात झालेली, आणि अक्काला तो मनापासून आवडला होता. हे आईला आणि मला माहीत होतं. आप्पांना माहीत होतं की नाही, ते आप्पांनाच ठाऊक. होकार मात्र त्यांच्याकडून यायचा होता.

आता कॉम्प्युटरबद्दल. तो अक्काच्या डिप्लोमाच्या वेळचा. चालू केला की आई आधण ठेवायची. चहा पिऊन कप विसळून झाले तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. शेवटी मी त्याच्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. (मला कुणी सांगितलं नव्हतं. मला कधीच कुणी काही सांगत नाही.) आणि खरंच, म्हातारं यंत्र पळायला लागलं. बटण दाबून खुर्चीत टेकेपर्यंत सगळं तयार! आई तेवढी नाराज झाली. म्हणाली, "आता च्या कवा करायचा मी?"

पण नुसत्या वेगावर समाधान मानलं तर तो मी कसला? मी डेस्कटॉप सजवायला घेतला. विंडो ओढली की ती दोरीवरच्या धोतरासारखी हलायची. शिवाय एकाच्या जागी चार डेस्कटॉप केले. रिकाम्या जागेवर माउसचं चाक फिरवलं की अख्खा पडदा ठोकळ्यासारखा वळायचा आणि दुसरा डेस्कटॉप समोर यायचा. पहिल्यावरचं काही बंद व्हायचं नाही, फक्त दिसायचं नाही. आप्पांनी वाचायला उघडलेलं वर्तमानपत्र असंच एकदा पलीकडे गेलं, तर ते घरभर "माझा पेपर कुणी उचलला?" म्हणून विचारत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी अक्कानं मला बजावलं, "सच्या, कॉल लावून दे आणि बाजूला हो. हात लावू नकोस." आईनं पोहे केले आणि खोबरं-कोथिंबीर घालून एक बशी थेट कॅमेऱ्यासमोर ठेवली. पाहुणे खाणार नव्हते, पण पाहुण्यांपुढे बशी नाही, हे आमच्या घराण्यात बसत नव्हतं.

कॉल झकास चालला होता. मुलाचे आई-वडील शांत होते, मुलगा लाजत होता आणि त्याचे काका एकटेच बोलत होते. आप्पा मात्र तोंड मिटून बसले होते. अक्का सारखी त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात मुलाच्या आईचा आवाज मला बारीक वाटला. वाढवावा म्हणून मी आवाजाच्या चिन्हावर माउसचं चाक फिरवायला गेलो. ते नेमकं रिकाम्या जागेवर फिरलं आणि पाहुणे गेले! समोर उरला दुसऱ्या डेस्कटॉपवर मी लावलेला आमच्या म्हशीचा फोटो.

"रेंज गेली," मी जाणकारासारखं सांगितलं. "आजऱ्यात पाऊस हाय. लावतील परत."

पाहुणे कोपऱ्यावरून वळले की त्यांच्याबद्दल बोलायला सुरुवात करायची, ही आमच्याकडची रीत. हे तर कधीच वळले होते.

"पोराची आई गोड हाय बाई," आई म्हणाली. "पर पोरगं लई वाळलंय. काजूच्या घरात असून?"

मी पोह्यांची बशी पुढ्यात ओढली. "त्या काकाला सांगा, लग्न तुमचं न्हाय म्हणावं."

अक्का चिडली. "गप बसा सगळी. आप्पा, तुमी एक शब्द बोलला न्हाईसा. आवडला न्हाय व्हय?"

आप्पा म्हशीकडे बघत म्हणाले, "आवडला की. त्योच तर घोळ हाय. कवाधरनं खोट हुडकतोय, सापडंना. सापडली असती तर न्हाय म्हटलो असतो. अजून वरीसभर तू घरात ऱ्हायली असतीस."

अक्का खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ गेली.

"सांजच्याला फाटक वाजलं की मला कळतंय, पोरगी शिरोलीस्नं आली," आप्पा म्हणाले. "उद्या फाटक वाजलं तर कोण आलं म्हणायचं मी?"

"सच्या येतोय की," आई म्हणाली.

"त्यो आला काय, न्हाय आला काय."

अक्का रडायला लागली. आईनं पदर डोळ्यांना लावला. आप्पांना असं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मलाही रडू आलं, तोंडात पोहे असताना.

आणि तेवढ्यात म्हशीतून आवाज आला.

"पावणं, लग्न माझं न्हाय, कबूल. पर आमी अजून हितंच हाय."

आईनं हात जोडले. आप्पांनी वाकून टेबलाखाली बघितलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला: कॉल चालू होता, कॅमेराही चालू होता, दिसत नव्हते ते फक्त आम्हाला. मी घाबरून चाक फिरवलं. पडदा गरगरा वळायला लागला. पाहुणे आले आणि गेले, परत आले आणि परत गेले. "थांब थांब, आत्ता गेलं बघ," आप्पा एसटी चुकल्यासारखे ओरडले. अखेर सापडले. सगळे जण पडद्याला कान लावून बसलेले, मुलाची आई डोळे पुसत होती.

अक्काचा चेहरा उतरला होता. जमत आलेलं मी मोडलं, असंच मला वाटलं.

मग मुलाचे वडील बोलले, "पावणं, पोरगी आमास्नी पसंत हाय. आन् फाटक आमच्या बी घराला हाय. तुमी वाजवत जावा, आमी कान देऊन बसतो."

आप्पांनी मान हलवली. म्हणाले, "मग ठरलं."

अक्का आता आजऱ्यात सुखात आहे, आणि आप्पा तिच्याकडे इतक्यांदा जातात की व्याह्यांनी त्यांची चप्पल ठेवायची जागाच ठरवून टाकली आहे. सध्या माझ्यासाठी मुली बघणं चालू आहे. परवा एका स्थळाकडून निरोप आला, आधी कॉम्प्युटरवर बोलून घेऊ. मी उत्साहानं माउस पुसायला घेतला, तर आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"अक्काच्या वक्ताला घरात काय बोललो ते पावण्यांनी ऐकलं, म्हणून लगीन जमलं," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल आमी घरात काय बोलतो ते ऐकलं तर जन्मभर आमच्याच गळ्यात ऱ्हाशील."