एक हार जास्त

मी त्या माणसाचा सूड घेतला, आणि त्याचा मला आजही तिळमात्र पस्तावा नाही. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही.

औरंगाबादेत तेव्हा वाळूजला रोज नवी शेड उभी राहत होती. आमच्या कंपनीचं मोठं युनिट तिथं, जुनं चिकलठाण्याला आणि ऑफिस स्टेशनजवळ. कॉम्प्युटर नुकतेच आले होते. सगळीकडे पुरतील इतके नव्हते, म्हणून टेम्पोत घालून ते या तीन जागी फिरवायचे. कुठला कुठं गेला, कुठला परत आला, हे सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातला होता. कॉम्प्युटरच्या खोलीत तेव्हा भले भले चपला काढून जात. आमच्या आजोबांना देवगाव रंगारीत कुणाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत, त्यामुळं साहेबलोकांना अनवाणी बघून मला आतून मजा वाटायची.

नामांतराचा लढा पेटलेला होता. एका बंदच्या दिवशी चिकलठाण्याचं युनिट कुलूपबंद होतं. किल्ल्या दोघांकडेच, एक माझ्याकडं आणि एक अ‍ॅडमिनच्या साहेबांकडं. मी रजा टाकून मोर्चाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी कुलूप जागच्या जागी होतं आणि आतला एक कॉम्प्युटर गायब.

साहेबांनी मला वाळूजच्या गेटवर उभं केलं. पहिली पाळी आत शिरत होती, रात्रपाळी बाहेर पडत होती.

"यांना विद्यापीठाला नाव पण पाहिजे आणि कंपनीचा कॉम्प्युटर पण पाहिजे," ते मोठ्यानं म्हणाले. काहीजण हसले. कोण कोण हसलं, ते मला आजही तोंडपाठ आहे.

मालकांनी माझी परमनंटची ऑर्डर अडकवून ठेवली, 'सापडेपर्यंत' म्हणाले. किल्ली काढून घेतली. गेटवर रोज झडती सुरू झाली. बायकोनं बांधून दिलेली भाकरीसुद्धा म्हातारा वॉचमन उलगडून बघायचा.

"राग नको धरू, भाऊ. साहेबांचा हुकूम हाय," तो मान खाली घालून म्हणायचा.

त्याच्यावर माझा राग नव्हता. सगळा राग मी एकाच माणसासाठी साठवून ठेवला होता.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक मशीनची पूजा होते, आणि साहेब महाभाविक. कॉम्प्युटरची पूजा ते तिन्ही जागी जाऊन स्वतः करायचे. हार-नारळ आणायला त्यांनी मुद्दाम मला पाठवलं. आम्ही बौद्ध, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कॉम्प्युटरमागं एक हार, एक नारळ," ते म्हणाले. मी निघालो, तशी मागून हाक आली, "आणि एक-एक जास्त आण."

"ते कुणाला, साहेब?"

"तुला काय करायचंय? आण म्हटलं की आणायचं."

सिटी चौकात फुलवाल्यासमोर उभा असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिशेबाबाहेरचा एकच कॉम्प्युटर होता, तो गायब झालेला. चोरून आणला तरी त्याला बिनपूजेचा ठेवायची या माणसाची छाती नव्हती.

दुपारी साहेबांची स्कूटर उरलेला हार घेऊन निघाली आणि मी सायकलवरून मागं. दम लागला, पण वाटेत स्कूटर अडवून दोन रेल्वे फाटकांनी मला हात दिला. छावणीत त्यांच्या मेव्हण्याच्या टायपिंग क्लाससमोर स्कूटर लागली होती. बाहेर नवी पाटी होती: दसऱ्याच्या मुहूर्तावर कॉम्प्युटरची पहिली बॅच. मी तसाच घरी आलो. मुहूर्त मोडायचा तर तो मुहूर्तावरच, असं मी ठरवलं.

दसरा म्हणजे आमचाही मोठा सण, धम्मदीक्षेचा दिवस. सकाळी विद्यापीठामागच्या लेण्यांवर जाऊन आलो आणि तशाच पांढऱ्या कपड्यांत मालकांच्या बंगल्यावर गेलो.

"मालक, तुमचा कॉम्प्युटर छावणीत हाय. आता चला, नायतर नंतर मलाच खोटं पाडताल."

त्यांनी गाडी काढली.

क्लासच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आत साहेब पेढे वाटत होते. मालकांना बघून त्यांच्या हातातला पुडाच खाली पडला. कुणी काही बोलायच्या आत मी हळदीकुंकवानं माखलेला तो कॉम्प्युटर फिरवला. पाठीवर माझा नंबर. पुसायचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते. उघड सांगतो, त्या क्षणी मला जे सुख झालं ते माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

मालकांनी मला बाजूला घेतलं. "बोभाटा नको. यांना मी काढतो. तुझी ऑर्डर उद्या देतो."

"ऑर्डर घेतो, मालक. पर आधी त्यांनी गेटवर सांगायचं, मी चोर नाय म्हणून. पाळी सुटताना."

"अरे, बालबच्चेवाला माणूस आहे तो."

"मी पण हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पाळ्या गेटवर थांबल्या. साहेब खाली बघत काहीतरी पुटपुटले आणि निघाले. मी त्यांची वाट अडवली.

"मागच्या लोकांना ऐकू नाय आलं, साहेब."

ते पुन्हा बोलले. डोळ्यांत पाणी होतं. मालक मला खुणेनं 'पुरे' म्हणाले.

"अजून नाय आलं," मी म्हणालो.